भेगांचा फोटो आणि दोरीचा वेढा

हवामान बदलाची बातमी आली की तिच्या डोक्यावर बहुधा एकच फोटो असतो. जमिनीला पडलेल्या रुंद भेगा, मधोमध उकिडवा बसलेला म्हातारा, कपाळावर हात आणि नजर आभाळाकडे. फोटो कुठला ते खाली बारीक अक्षरांत असतं. कधी केनिया, कधी बुंदेलखंड, कधी विदर्भ. वैशाखात अमरावतीहून दर्यापूरकडे किंवा अकोल्याहून अकोटकडे निघालेल्या छायाचित्रकाराला हा फोटो मिळवायला गाडीतून उतरून दहा पावलंही चालावं लागत नाही. तरी तो फोटो खोटा आहे. बनावट या अर्थाने नव्हे. भेगा खऱ्या असतात, म्हाताराही खरा असतो. पण त्या भेगा संकटाच्या नसतात.

पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात तिच्या भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत सहज जातो. कास्तकाराला अशी तापलेली, उललेली जमीनच हवी असते. वरची भुसभुशीत माती भेगांतून खाली पडते, खालची हळूहळू वर येते आणि नांगरटीचं अर्धं काम जमीन आपलं आपण करते. मृगाचं पहिलं पाणी याच वाटांनी खोल उतरतं. वैशाखात काळ्या वावराला भेगाच पडल्या नाहीत, तर मात्र वऱ्हाडातला माणूस काळजीत पडेल.

जगभर अनर्थाची खूण म्हणून छापला जाणारा देखावा इथे असा नेहमीचा उन्हाळा आहे. खरा अनर्थ कॅमेऱ्यात येत नाही. सप्टेंबरात आठ-आठ दिवस पाऊस थांबला नाही की वावर चिभडतं. चिभडलेलं वावर रस्त्यावरून हिरवंगार दिसतं. जवळ जाऊन पऱ्हाटी उपटून पाहावी तेव्हा मुळं काळी पडलेली दिसतात, खालची बोंडं सडलेली असतात, आणि सोयाबीनच्या शेंगेतला दाणा झाडावरच कोंब धरतो. या हिरव्या नुकसानीचा फोटो छापला तर वाचक म्हणेल, यंदा पीक झकास दिसतंय.

अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये ‘फ्रेम अॅनालिसिस’ या ग्रंथात दाखवून दिलं की माणूस कोणताही प्रसंग आधी एका चौकटीत बसवतो आणि मगच तो त्याला कळतो. १९९३ मध्ये रॉबर्ट एंटमन यांनी हीच कल्पना बातमीला लावली. बातमीची चौकट प्रश्न कोणता ते ठरवते, कारण दाखवते, दोष कोणाला द्यायचा ते सांगते आणि उपायही सुचवते. हे सगळं वाचकाच्या नकळत होतं. भेगांच्या फोटोला ही कसोटी लावून पाहावी. प्रश्न पाण्याचा. कारण आभाळ. दोष कोणाचाच नाही, आणि उपाय बाहेरून येणारी मदत. फोटोतला म्हातारा काही करताना दिसत नाही. तो बसलेला असतो, आणि त्याने बसलेलंच असावं अशी त्या चौकटीची अपेक्षा असते.

विकसनशील देश जगाच्या बातम्यांत बहुतेक वेळा याच म्हाताऱ्याच्या जागी असतात. कधी त्यांना तिथून उठवून आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं जातं, एवढाच काय तो बदल. २०२१ च्या नोव्हेंबरात ग्लासगोच्या हवामान परिषदेत शेवटच्या तासाला कोळशाचा वापर ‘बंद करत नेण्या’ऐवजी ‘कमी करत नेणं’ असा बदल झाला. तो वाचून दाखवला भारताचे पर्यावरणमंत्री भूपेंद्र यादव यांनी. परिषदेचे अध्यक्ष आलोक शर्मा यांचा कंठ दाटून आला, आणि दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांत भारताने करार पातळ केला होता. हीच शब्दरचना त्याच आठवड्यात अमेरिका आणि चीन यांच्या संयुक्त निवेदनात येऊन गेली होती. करारात तेल आणि वायूबद्दल असं एक अक्षरही नव्हतं. तरी मथळ्यात गेला तो कोळसा, आणि कोळसा म्हणजे आपण. २०२४ मध्ये बाकूच्या परिषदेत श्रीमंत देशांनी हवामान-मदतीसाठी २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरचा आकडा पुढे केला. गरीब देशांची मागणी १३०० अब्जांची होती. भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी तो दस्तऐवज म्हणजे दृष्टिभ्रम असल्याचं भर सभेत सांगितलं. तेव्हाही बातमी ‘भारत नाराज’ एवढीच झाली. पैसा नेमका कोणत्या कामाला लागणार होता, हे त्या बातम्यांतून कळणं कठीण होतं.

आपल्याकडच्या वृत्तपत्रांनी याला उत्तर दिलं नाही असं नाही. १९९१ मध्ये अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी एक पुस्तिका लिहून अमेरिकेतल्या एका संस्थेने मांडलेल्या देशोदेशीच्या उत्सर्जनाच्या हिशोबाचे वाभाडे काढले. भाताच्या खाचरातून आणि गुराढोरांच्या पोटातून निघणारा मिथेन आणि चैनीच्या मोटारीतून निघणारा धूर एकाच मापाने कसा मोजता, हा त्यांचा सवाल होता. जगण्यासाठीचं उत्सर्जन वेगळं, चैनीचं वेगळं. हा युक्तिवाद भारतीय पत्रकारितेच्या अंगवळणी पडला. सायमन बिलेट या संशोधकाने २००२ ते २००७ या काळातली आपली इंग्रजी राष्ट्रीय वृत्तपत्रं तपासली, तेव्हा पाश्चात्त्य पत्रांत चालणारा ‘हवामान बदल खरा की खोटा’ हा वाद त्याला इथे जवळपास दिसलाच नाही. इथे वाद जबाबदारीचा होता. त्यांनी केलं, आम्ही भोगतो.

हे म्हणणं मला मनापासून पटतं. पण अमरावतीत बसून ते वाचताना एक गोष्ट खटकत राहते. दिल्ली जे वॉशिंग्टनला सुनावते, तेच वऱ्हाडाने मुंबई-दिल्लीला सुनावलं तर ती बातमी हवामानाच्या पानावर जात नाही. अमरावतीजवळ नांदगावपेठला १३५० मेगावॉटचा खासगी औष्णिक वीज प्रकल्प उभा राहिला. मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणाचं पाणी त्याला देण्यावरून आंदोलनं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या. अकोल्याच्या बाजूला पारसला सरकारी केंद्र आहेच. वीज राज्याच्या तारांत जाते. राख, उष्णता आणि पाण्याचा हिशोब मागे राहतो. हा सगळा वाद मराठी पत्रांत आला तो सिंचनाचा अनुशेष म्हणून, विदर्भावरचा अन्याय म्हणून. दोन्ही खरंच आहे. पण कोळशाला पाणी द्यायचं की कपाशीला, याहून नेमका हवामानाचा प्रश्न आणखी कोणता असू शकतो?

बाहेरून बसवलेली ही चौकट आजची नाही. वऱ्हाडाला जगाच्या बातमीत स्थान मिळालं तेच कापसामुळे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला, रेल्वे आली, खामगावची बाजारपेठ गाजू लागली. इंग्रजी अहवालांतला वऱ्हाड म्हणजे सुपीक, सुखी आणि दुष्काळापासून सुरक्षित मुलूख. हे वर्णन इतकं घट्ट बसलं की १८९६-९७ ची टंचाई आणि त्यामागोमाग १८९९-१९०० चा भयंकर दुष्काळ आला तेव्हा कागदावरचा वऱ्हाड आणि समोरचा वऱ्हाड यांचा मेळच बसेना. ज्वारीच्या जमिनीवर कापूस चढला होता आणि धान्याची पेवं रिकामी होती. लक्ष्मण सत्य यांनी या काळावर पुस्तक लिहिलं आहे, माइक डेव्हिस यांनीही. दोघांच्या मते पाऊस हे कारणांतलं एक कारण होतं. माणसं मेली ती बाजार आणि कारभार यांच्या कचाट्यात.

त्याच सुमाराला पुण्यात ‘केसरी’ने जे केलं ते बातमीदारीच्या दृष्टीने मला फार मोठं वाटतं. १८९६ मध्ये टिळकांनी सरकारचंच दुष्काळ-संहितेचं पुस्तक उघडलं आणि त्यात रयतेला काय काय द्यायचं कबूल केलं आहे ते मराठीत छापलं. सार्वजनिक सभेची माणसं ते घेऊन गावोगाव हिंडली. दयेची याचना त्यात नव्हती. हे कलम आहे, तुम्ही ते पाळत नाही, मग आम्ही सारा का भरावा, असा तो सवाल होता. भेगांमध्ये बसलेल्या माणसाच्या हातात एक कागद आला आणि तो उठून मामलेदाराकडे गेला. पुढच्या वर्षी, १८९७ च्या डिसेंबरात, काँग्रेसचं अधिवेशन अमरावतीला भरलं. शंकरन नायर अध्यक्ष होते, दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष होते आणि टिळक राजद्रोहाखाली तुरुंगात. 

नंतर हा कागद कुठे हरवला कोण जाणे. या शतकाच्या सुरुवातीला वऱ्हाड पुन्हा जगाच्या बातमीत आला तो आत्महत्यांमुळे. २००६ मध्ये मुंबईच्या फॅशन सप्ताहाला पाचशेहून अधिक पत्रकार हजर होते आणि त्याच वेळी विदर्भात फिरणारे बाहेरचे पत्रकार बोटांवर मोजण्याइतके, हे पत्रकार पी. साईनाथ यांनी सांगितलं तेव्हा अनेकांना शरम वाटली. मंचावरचे कपडे सुतीच होते. त्या वर्षी पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले, अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. बातमीचा उपयोग झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यातून एक विचित्र मोजणीही जन्माला आली. आत्महत्या ‘पात्र’ की ‘अपात्र’, हे जिल्ह्याच्या समितीने ठरवायचं आणि पत्रांनी रोज बेरीज छापायची. मेलेल्या माणसाची पात्रता तपासणारा शब्दप्रयोग आपण किती सहज वाचू लागलो! इथला माणूस बातमीत यायचा तर मरून यावा लागतो, ही समजूत त्या वर्षांत रुजली आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

आता वऱ्हाडात हवामानासाठी म्हणून प्रत्यक्ष काय चाललं आहे ते पाहू. २०१८ मध्ये जागतिक बँकेने ४२ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं आणि राज्याने आपला वाटा घालून सुमारे ४००० कोटींचा प्रकल्प उभा केला. कागदावर त्याचं नाव नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, गावात सगळे पोकरा म्हणतात. ५१४२ गावं निवडली, त्यांतली ९३२ पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातली. शेतीला बदलत्या हवामानाशी जुळवून घ्यायला लावणारा एवढा मोठा प्रकल्प देशात क्वचितच झाला असेल. गावाने आपल्या पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यावरून पीक ठरवायचं, ही त्यातली मूळ कल्पना.

मराठी पत्रांत पोकरा कसा आला? देयकं रखडली. तुषार संचाचं अनुदान जमा. शेडनेटमध्ये गैरव्यवहाराचा आरोप. पूर्वसंमती मिळेना. या बातम्या खऱ्या असतात आणि गरजेच्याही असतात. कास्तकाराच्या खिशातले पैसे अडले की ते छापलंच पाहिजे. पण या बातम्यांतून हवामान सबंधच्या सबंध गळून गेलं आणि उरली एक योजना. तिच्यात लाभार्थी असतात, अर्ज असतात, फोटो असतात. दुसऱ्या बाजूला यशोगाथा. एखाद्या तरुणाने नोकरी सोडली, शेडनेट उभारलं, ढोबळी मिरची पिकवली, लाखो कमावले. २००५ मध्ये ‘अॅग्रोवन’ निघालं आणि शेतीला रोजचं पान मिळालं, हे मराठीचं भाग्यच. त्यात सलग येणाऱ्या चांगल्या तांत्रिक लेखांचं मोल मी कमी लेखणार नाही. पण यशोगाथा हा प्रकार मला नेहमी थोडा संशयास्पद वाटतो. तिसऱ्या वर्षी त्या शेडनेटचं काय झालं, वादळाने ते फाटलं तेव्हा नवी जाळी कुणी दिली, हे सांगायला तो बातमीदार पुन्हा त्या वाटेने जात नाही.

खारपाणपट्ट्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण इथे बातमीची चूक फार उघडी दिसते. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पूर्णेच्या दोन्ही अंगांनी हा पट्टा पसरला आहे. वर खोल काळी चिकण माती, खाली खारं पाणी. विहीर खणली तर पाणी लागतं, पण ते पिकाला देत राहिलं की जमीन चोपण होते, पावसाचं पाणीही मग तिच्यात मुरत नाही. गावातल्या माणसाने हे पाणी पिढ्यानपिढ्या प्यायलं आहे. मूत्रपिंडाच्या आजारांची तक्रार इथे जुनी आहे. हे हवामान बदलाने घडवलेलं नाही, ते भूगर्भाचं देणं आहे. तरी अलीकडे बाहेरून आलेला वार्ताहर खारपाणपट्टा पाहतो आणि ‘हवामान बदलाचा बळी’ असं शीर्षक देऊन मोकळा होतो. हवामानाचा संबंध आहे, पण तो वेगळ्या जागी. इथल्या शेतीचा सगळा भरवसा वरून पडणाऱ्या गोड पाण्यावर. ते पाणी पूर्वी चार महिन्यांत वाटून येई, आता चार-सहा सपाट्यांत येतं आणि मध्ये तीन-तीन आठवडे तोंड दाखवत नाही. म्हणून आलेलं पाणी वावरातच कसं थोपवायचं आणि जास्त झालेलं कसं काढून द्यायचं, ही दोन्ही कामं एकाच शेताला करावी लागतात.

त्यावर अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने आणि पोकराने रुंद वरंबा सरीवर भर दिला आहे. ट्रॅक्टरचं बीबीएफ यंत्र एका फेरीत रुंद वरंबा घालतं, त्यावर ओळींत बी पडतं, दोन्ही बाजूंना सरी निघते. पाऊस कमी पडला तर सरीत पाणी मुरतं, जास्त झाला तर सरीतून वाहून जातं. ज्याच्याकडे हे यंत्र नाही तो पट्टा पेर करतो. पेरणीयंत्राचं एक नळकांडं चिंधी कोंबून बंद करायचं, म्हणजे ठरावीक तासांनंतर एक तास रिकामं राहतं. पुढे डवरणीच्या वेळी डवऱ्याला दोरीचा वेढा द्यायचा आणि त्या रिकाम्या तासातून फिरवायचा. दोरी माती दोन्ही बाजूंना सारते आणि सरी पडते. वेगळं यंत्र नाही, वेगळी फेरी नाही. खर्च दोरीचा.

दर्यापूरच्या बाजूच्या एका कास्तकाराला मी असं करताना पाहिलं. हे हवामान बदलासाठी का, असं विचारल्यावर ते माझ्याकडे बघतच राहिले. “पानी जास्त आलं त निंगून जाते भाऊ, कमी आलं त रायते. याच्यात हवामान काय आनं बदल काय?” मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, “पयले हे लागत नोतं, हे मात्र खरं.”

जगातल्या वाटाघाटींत ज्याला अनुकूलन म्हणतात आणि ज्याच्यासाठी अब्जावधी डॉलरचे आकडे उच्चारले जातात, ते काम त्या वावरात माझ्यासमोर चाललं होतं. त्याची बातमी होणं कठीण आहे. दोरीला अनुदान नाही, म्हणून अर्ज नाही. अर्ज नाही म्हणून नोंद नाही. उद्घाटन नाही, म्हणून फोटो नाही. सरीमुळे जे पीक वाचलं ते शेजारच्या वावराशी ताडून पाहिल्याशिवाय दिसत नाही, आणि ताडून पाहायला बातमीदाराला त्याच गावात जूनमध्ये, ऑगस्टमध्ये आणि पुन्हा दिवाळीच्या आसपास यावं लागेल. तालुक्याच्या बातमीदाराला ओळीवर पैसे मिळतात, कधी तेही नाही. त्याला जाहिरातीही आणायच्या असतात. त्याच्याकडून तीन फेऱ्यांची अपेक्षा करणाऱ्यांनी आधी त्याच्या गाडीतलं पेट्रोल मोजावं.

मेळघाटच्या पायथ्याचं पायविहीर हे कोरकूंचं गाव याच कारणाने अनेकांना ठाऊक नाही. वनहक्क कायद्याखाली गावाने आपलं जंगल स्वतःकडे घेतलं, चराईबंदी केली, झाडं वाढवली आणि सीताफळ विकून पैसा उभा केला. २०१४ मध्ये त्याला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या सहकार्याने दिला जाणारा जैवविविधता पुरस्कार मिळाला. मेळघाट हा शब्द मात्र बातमीत आला की पाठोपाठ कुपोषण येणारच, असं तीसेक वर्षं चाललं आहे. कुपोषण खरं आहे, त्यावरची बातमीदारीही झालीच पाहिजे. पण तिथल्या माणसाने जंगल राखलं हेही तितकंच खरं, आणि ते पान सातच्या कोपऱ्यात जातं.

उन्हाची गोष्ट आणखी वेगळी. अकोला हे नाव आता देशाला ठाऊक आहे ते पाऱ्यामुळे. २०१९ च्या एप्रिलअखेर ‘एल डोरॅडो’ या हवामानाच्या संकेतस्थळाच्या यादीत जगातली सर्वांत तापलेली पहिली पंधरा ठिकाणं मध्य भारतातली निघाली, अकोला त्यांत अगदी वर, ४६.४ अंशांवर. टीव्हीवर ती यादी स्पर्धेच्या निकालासारखी फिरली. आज अकोला पुढे, उद्या चंद्रपूर, परवा अमरावतीने ब्रह्मपुरीला मागे टाकलं. अकोलेकरांनाही त्यात थोडा अभिमान वाटतो, हे मी गंमतीने पाहिलं आहे. पण कमाल तापमान हा दुपारचा एक क्षण असतो. माणूस खचतो तो रात्र थंड होत नाही म्हणून, पत्र्याच्या खोलीत, पंखा गरम हवा फेकत असताना. रात्रीच्या किमान तापमानाचा मथळा मी फारसा वाचलेला नाही.

२०२४ च्या मे महिन्यात २५ तारखेला अकोल्याच्या जिल्हा प्रशासनाने उन्हामुळे ३१ मेपर्यंत १४४ कलम लावलं. देशभर बातमी झाली, ‘उष्णतेमुळे जमावबंदी’. वाचणाऱ्याला वाटलं असेल रस्त्यावर पोलीस उभे आहेत. त्या आदेशात मुख्यतः असं होतं की आस्थापनांनी कामगारांना पिण्याचं पाणी आणि पंख्याची सोय द्यावी आणि शिकवण्या भर दुपारी घेऊ नयेत. दंगलीसाठीचं कलम उन्हासाठी वापरून जिल्ह्याने मालकांवर एक जबाबदारी टाकली होती. एका मध्यम जिल्ह्याने स्वतःच्या डोक्याने उचललेलं ते हवामानाचं पाऊल होतं, वेडंवाकडं का होईना. जिनिंगमध्ये, वीटभट्टीवर, बाजार समितीच्या ओट्यावर त्याप्रमाणे पाण्याचे माठ आले की नाही, हे तपासणारी बातमी त्यानंतर माझ्या वाचनात आली नाही. १४४ हा आकडा पुरेसा होता.

आणि २०२१ चा जुलै. २२ तारखेला चिपळूण बुडालं, लगोलग तळियेची दरड कोसळली, साऱ्या राज्याचे डोळे कोकणाकडे गेले, जायलाच हवे होते. त्याच सुमाराला अकोल्यात मोर्णा नदीने पात्र सोडलं आणि वस्त्यांत पाणी शिरलं. ज्या शहराची ओळखच ऊन आणि पाणीटंचाई, तिथला पूर कुणाच्या चौकटीत बसेना.

इथवर मी बाहेरच्यांना आणि पत्रांना बोल लावला. पण हवामान बदल हे कारण जिथे तिथे चिकटवणंही आता सोयीचं होऊ लागलं आहे, आणि ते मला अधिक धोक्याचं वाटतं. पूर्वी दैव होतं, आता हवामान आहे. अक्षय्यतृतीयेला बुलढाण्यातल्या भेंडवळला घटमांडणी होते, दुसऱ्या दिवशी पहाटे भाकीत सांगतात, आणि साऱ्या वाहिन्या तिथे हजर असतात. तिथे पाऊस, पीक आणि राजकारण एका घटात मावतं. मंत्र्यांच्या भाषणातला हवामान बदलही तेवढाच सर्वसमावेशक झाला आहे.

२०२५ चा खरीप पाहा. अतिवृष्टीने मराठवाड्याबरोबर वऱ्हाडातही पिकं गेली. ऑक्टोबरात राज्याने ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. पण त्याआधी १९ ऑगस्टला केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क उठवलं होतं, आणि ती सवलत पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८११० रुपये आणि बाजारात भाव त्याखाली. उरलासुरला कापूस घेऊन बाजारात गेलेल्या कास्तकाराचं नुकसान ढगाने किती केलं आणि दिल्लीच्या एका अधिसूचनेने किती? पहिली बातमी पहिल्या पानावर आली, दुसरी अर्थ-वाणिज्याच्या पानावर. दोन्ही एकाच माणसाच्या घरात शिरल्या होत्या.

आणि त्याच ऑक्टोबरच्या अखेरीस अकोट तालुक्यातून ती तीन रुपयांची बातमी आली. पीक विम्याची भरपाई म्हणून काही कास्तकारांच्या खात्यात तीन, आठ, एकवीस रुपये जमा झाले. त्यांनी त्या रकमेचे धनादेश लिहून जिल्हाधिकाऱ्यांना परत केले. बातमी देशभर गेली, केंद्रीय कृषिमंत्र्यांनी दखल घेतली. आकडा इतका हास्यास्पद होता की बातमी टाळताच आली नसती. पण तीन रुपये आले कुठून, याचं गणित फारच थोड्या ठिकाणी छापलं गेलं. विम्याचं असो की सरकारी मदतीचं, ते गणित महसूल मंडळाचं असतं. पाऊस मोजायचा मंडळातल्या एका यंत्रावर. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला तर अतिवृष्टी, ६३ झाला तर नुसता पाऊस. यंत्रापासून काही कोसांवरच्या वावरात ढग फुटला असेल तर तो कागदावर फुटत नाही. पैसेवारीही अशीच, ५० पैशांच्या खाली की वर, नजरअंदाज ३० सप्टेंबरला, अंतिम ३१ डिसेंबरला. २०२५ च्या खरिपापासून विम्याची भरपाई पीक कापणी प्रयोगातल्या उत्पन्नावर आणून ठेवली आहे. तो प्रयोग कुणाच्या वावरात, कुणासमोर झाला, आकडे काय आले, हे गावाला माहीत असतंच असं नाही.

बदलत्या हवामानाशी झुंजताना वऱ्हाडातल्या माणसाचा सरकारशी संबंध येतो तो या तीन-चार आकड्यांतून. मंडळाचं पर्जन्यमान, कापणी प्रयोगाचे निष्कर्ष, पैसेवारी आणि ज्याच्या खाली पीक गेलं तरच विमा मिळतो ते उंबरठा उत्पन्न. हे सगळं सरकारचंच लिहिलेलं आहे, १८९६ मध्ये टिळकांनी उघडलेल्या त्या दुष्काळ-संहितेसारखंच. बाकूच्या परिषदेचं वृत्तांकन अमरावतीच्या दैनिकाला झेपणार नाही, त्याची गरजही नाही. आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक मंडळाचा रोजचा पाऊस आणि प्रत्येक कापणी प्रयोगाचा गट नंबर, तारीख आणि वजन एवढं एका रकान्यात जून ते डिसेंबर छापत राहिलं, तर डिसेंबरात तहसीलसमोर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या हातात कात्रणं असतील, आणि मंडळ अधिकाऱ्याला ती वाचून उत्तर द्यावं लागेल.